शेअर ६० टक्के आपटला, आता एमडींना जाब कसा विचारायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एका मध्यम आकाराच्या लिस्टेड कंपनीचे शेअर तुम्ही आणि ओळखीच्या काही जणांनी धरून ठेवलेत. शिखरापासून भाव ६० टक्क्यांनी खाली आलाय. प्रवर्तकांकडे, म्हणजे कंपनी उभी करून तिचा ताबा ठेवणाऱ्या कुटुंबाकडे, ५२ टक्के शेअर आहेत, एमडी (व्यवस्थापकीय संचालक) त्यांच्याच घरातले, आणि याच वर्षी त्यांचा पगार वाढवायचा ठराव सभेपुढे येतोय. कंपनीला पाठवलेल्या ईमेलना उत्तर नाही. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: एमडींना हटवता येईल का, नुकसान भरून मिळेल का, आणि येत्या वार्षिक सभेत नेमकं काय बोलायचं.

मी प्रॅक्टिस करणारा कंपनी सेक्रेटरी आहे. आधी लिस्टेड कंपन्यांच्या सेक्रेटेरियल विभागात होतो, म्हणजे तुमच्यासारख्यांचे ईमेल जिथे येऊन पडतात तिथे. आता ई-व्होटिंगचा स्क्रुटिनायझर (ऑनलाइन मतदान तपासून निकाल देणारा) म्हणूनही काम करतो, त्यामुळे भागधारक प्रत्यक्षात किती आणि कसं मतदान करतात ते आतून दिसतं.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लगेच देऊन टाकतो. प्रवर्तकांकडे ५२ टक्के असताना एमडींना मतदानाने हटवणं जवळपास अशक्य आहे. आणि भाव पडला, एवढ्या एका कारणावर नुकसानभरपाई मिळत नाही. पण म्हणून छोट्या भागधारकाच्या हातात काहीच नाही असं समजू नका. हातात जे आहे ते वापरलंच जात नाही. हे मला दर सभेनंतर आकड्यांत दिसतं आणि दर वेळी मनापासून चीड येते.

आधी पडझड नीट तपासा. समजा कंपनीचा नफा होता तेवढाच राहिला आणि बाजार तिला ५० पीई (म्हणजे एका शेअरमागच्या वार्षिक नफ्याच्या ५० पट भाव) देत होता तो २० पीई द्यायला लागला, तरी भाव ६० टक्के पडतो. त्यात एमडींचा दोष असेलच असं नाही; ५० पीईला घेणाऱ्यांचा उत्साह ओसरला, एवढंच. त्याच व्यवसायातल्या इतर चार कंपन्याही तेवढ्याच पडल्या असतील तर कारण कंपनीबाहेर आहे. पण त्या २० टक्के पडल्या आणि तुमची ६० टक्के, तर मधल्या ४० टक्क्यांचं उत्तर कंपनीच्या आत शोधायचं. हे न करता सभेत ‘भाव का पडला?’ असं विचारलंत, तर एमडी बाजाराकडे, व्याजदराकडे, कच्च्या मालाकडे बोट दाखवणार, आणि त्यात काही प्रमाणात तथ्यही असणार. भाव त्यांच्या हातात नसतो. त्यांच्या हातात असतात ते निर्णय: पैसा कुठे घातला, कर्ज किती काढलं, तुम्हाला काय सांगितलं, स्वतःला किती घेतलं आणि स्वतःचे शेअर केव्हा विकले. राग यांवर धरायचा.

हे शोधायला कुठे आत घुसावं लागत नाही. प्रत्येक तिमाही संपल्यावर २१ दिवसांत शेअरहोल्डिंग पॅटर्न एक्स्चेंजच्या वेबसाइटवर येतो. त्यात प्रवर्तकांचे किती शेअर गहाण आहेत तेही असतं. भाव पडत असताना गहाण शेअरांचं प्रमाण वाढत गेलं असेल, तर सावकाराने शेअर विकून टाकण्याचा धोका तुमच्या डोक्यावर आहे आणि त्याबद्दल विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. प्रवर्तक किंवा संचालकाने तिमाहीत १० लाखांपेक्षा जास्त रकमेचे व्यवहार केले तर ते दोन ट्रेडिंग दिवसांत कळवावे लागतात. शिखराच्या आसपास कोणी किती विकले, हे त्यात तारखेनिशी सापडतं. स्वतंत्र संचालक (प्रवर्तकांशी संबंध नसलेले) मुदतीआधी सोडून गेले असतील तर त्यांनी दिलेली सविस्तर कारणं सात दिवसांत जाहीर व्हावी लागतात. ‘वैयक्तिक कारण’ लिहिलेलं असेल, आणि त्याच सहा महिन्यांत ऑडिटर आणि सीएफओही (वित्तप्रमुख) गेले असतील, तर ही तीन पत्रं एकत्र ठेवून वाचा.

माझ्या मते सगळ्यांत उपयोगी कागद मात्र वेगळाच आहे: कॉन कॉलचा ट्रान्स्क्रिप्ट. निकालानंतर विश्लेषकांबरोबर होणाऱ्या या कॉलचं रेकॉर्डिंग पुढचं ट्रेडिंग सुरू व्हायच्या आत किंवा २४ तासांत, यांतलं जे आधी येईल तेव्हा, आणि लिखित ट्रान्स्क्रिप्ट पाच कामकाजी दिवसांत टाकावा लागतो. शिखराच्या वेळच्या दोन तिमाहींचे ट्रान्स्क्रिप्ट काढा आणि एमडींनी पुढच्या वर्षाबद्दल दिलेली प्रत्येक आकडेवारी एका कागदावर लिहा. विक्री किती वाढेल, मार्जिन किती राहील, नवा प्रकल्प केव्हा सुरू होईल, कर्ज केव्हा फिटेल. शेजारी प्रत्यक्षात काय झालं ते लिहा. एका संध्याकाळचं काम आहे. त्यानंतर तुमच्या हातात जे येतं त्याला टाळणं कुठल्याही मॅनेजमेंटला जड जातं, कारण शब्द त्यांचेच असतात.

नेमकं बोलण्याचं महत्त्व फेसबुकवाल्या मेटाच्या बाबतीत दिसलं होतं. ३ फेब्रुवारी २०२२ ला एका दिवसात तो शेअर २६ टक्के पडला आणि वर्षअखेर घसरण ६४ टक्क्यांवर गेली. मार्क झुकेरबर्ग यांच्याकडे जादा मताधिकाराचे शेअर आहेत, निम्म्याहून अधिक मतं त्यांचीच. हटवण्याचा विचारही करण्यात अर्थ नव्हता. ऑक्टोबर २०२२ मध्ये अल्टिमीटर या गुंतवणूक संस्थेचे ब्रॅड गर्स्टनर यांनी जाहीर पत्र लिहिलं. मनुष्यबळाचा खर्च किमान २० टक्क्यांनी कमी करा, भांडवली खर्च ३० अब्ज डॉलरवरून २५ अब्जांवर आणा, मेटाव्हर्सवर (आभासी जगाच्या प्रकल्पावर) वर्षाला ५ अब्जांपेक्षा जास्त घालू नका. पंधरवड्यात कंपनीने ११ हजार कर्मचाऱ्यांची कपात जाहीर केली, आणि २०२३ मध्ये भाव जवळजवळ तिप्पट झाला. हे सगळं त्या पत्रामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, आणि कपातीत नोकरी गेलेल्यांचं दुःखही लहान नाही. मुद्दा एवढाच की मतांची ताकद नसतानाही आकड्यांत मांडलेली मागणी चर्चेच्या मध्यभागी येते. ‘भागधारक नाराज आहेत’ एवढंच लिहिलं असतं तर ते पत्र दुसऱ्या दिवशी विसरलं गेलं असतं.

आता हटवण्याबद्दल. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १६९ नुसार संचालकाला साध्या बहुमताने, म्हणजे साधारण ठरावाने, मुदतीआधी हटवता येतं. त्यासाठी विशेष सभा बोलवायची तर कलम १०० नुसार भरणा झालेल्या मतदानयोग्य भांडवलाच्या किमान १० टक्के शेअर असलेल्यांनी मागणी करावी लागते. मागणी मिळाल्यावर संचालक मंडळाने २१ दिवसांत हालचाल करायची, सभा ४५ दिवसांच्या आत घ्यायची. त्यांनी नाही घेतली तर मागणी करणारे स्वतः तीन महिन्यांत सभा बोलावू शकतात. झी एंटरटेनमेंटमध्ये जवळपास १८ टक्के शेअर असलेल्या इन्व्हेस्कोने सप्टेंबर २०२१ मध्ये एमडी पुनीत गोएंका यांना हटवण्यासाठी अशीच मागणी केली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या एकलपीठाने ती रोखली, पण मार्च २०२२ मध्ये खंडपीठाने तो आदेश बाजूला सारला आणि सभा बोलावण्याचा भागधारकांचा हक्क उचलून धरला. पुढे इन्व्हेस्कोने मागणी मागे घेतली हा भाग वेगळा. त्या कंपनीत प्रवर्तकांकडे तेव्हा जेमतेम ४ टक्के होते. तुमच्याकडे ते ५२ टक्के आहेत. साधारण ठराव तुम्ही आणलात तरी त्या ५२ टक्क्यांवर तो पडणार. या रस्त्यावर शक्ती घालवू नका.

शक्ती घालायची ती विशेष ठरावावर. विशेष ठराव मंजूर व्हायला बाजूने पडलेली मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट लागतात. तुमच्या कंपनीचंच गणित करू. प्रवर्तकांची ५२ टक्के मतं ठरावाच्या बाजूने. ५२ चा तिसरा हिस्सा १७.३३. म्हणजे बाहेरच्या भागधारकांपैकी दुसऱ्या कोणीच बाजूने मत दिलं नाही, तर एकूण भांडवलाच्या साडेसतरा टक्के विरोधी मतं ठराव पाडायला पुरतात. बाहेरच्यांपैकी समजा १० टक्क्यांनी बाजूने मत दिलं तर ६२ भागिले ३, म्हणजे २०.६७ टक्क्यांहून जास्त विरोध लागेल. बाहेरच्यांकडे एकूण ४८ टक्के आहेत हे लक्षात घ्या. सोपं नाही, पण अशक्य कोटीतलंही नाही.

आणि कोणते विषय विशेष ठरावाला येतात ते बघा. प्रवर्तक असलेल्या कार्यकारी संचालकाचा पगार वर्षाला ५ कोटी किंवा निव्वळ नफ्याच्या २.५ टक्के, यांतलं जे जास्त असेल त्यापुढे जात असेल तर शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या लिस्टिंग नियमांनुसार विशेष ठराव लागतो. स्वतंत्र संचालकाच्या दुसऱ्या टर्मला विशेष ठराव लागतो. प्रवर्तकांना प्रेफरेन्शियल पद्धतीने, म्हणजे निवडक लोकांनाच, वॉरंट (ठरलेल्या भावात पुढे शेअर घेण्याचा हक्क) द्यायलाही लागतो, आणि भाव आपटल्यानंतर या शेवटच्या विषयावर मी सगळ्यांत जास्त लक्ष ठेवायला सांगेन. वॉरंटची किमान किंमत गेल्या ९० किंवा १० ट्रेडिंग दिवसांच्या सरासरी भावावरून ठरते. भाव खाली असताना प्रवर्तक २५ टक्के रक्कम भरून वॉरंट घेऊन ठेवतात आणि उरलेली ७५ टक्के १८ महिन्यांत केव्हाही भरतात. कंपनीला खरंच भांडवल हवं असेल आणि दुसरं कोणी द्यायला तयार नसेल तर हे योग्यच आहे. प्रवर्तक स्वतःचा पैसा घालतोय म्हणून स्वागतही करावं. पण खात्यात रोकड पडून असताना असा प्रस्ताव आला, तर पडलेल्या भावात त्यांचा हिस्सा वाढतो आणि तुमचा पातळ होतो. नोटिशीत ‘इश्यूचा उद्देश’ नावाचा परिच्छेद असतो. ‘सर्वसाधारण व्यावसायिक गरजा’ एवढंच लिहिलं असेल तर विरोधात मत द्यायला तेवढं कारण पुरे आहे.

पगाराच्या ठरावाला धक्का बसल्याची दोन उदाहरणं सांगतो. जुलै २०१४ मध्ये टाटा मोटर्सचे वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मोबदल्याचे ठराव छोट्या आणि संस्थात्मक भागधारकांनी पाडले. पुढे कंपनीने भागधारकांना समजावून सांगून ते पुन्हा मांडले आणि जानेवारी २०१५ मध्ये मंजूर करून घेतले. ऑगस्ट २०२१ मध्ये आयशर मोटर्सचे एमडी सिद्धार्थ लाल यांच्या फेरनियुक्तीच्या विशेष ठरावाला सुमारे ७३ टक्के मतं मिळाली. ७५ हवी होती, ठराव पडला. त्यानंतर कंपनीने पगाराची कमाल मर्यादा कमी करून तो पुन्हा आणला आणि तेव्हा तो सहज पास झाला. दोन्ही ठिकाणी ठरावामुळे कोणाला जावं लागलं नाही; पण एका कंपनीला भागधारकांना समजावून सांगावं लागलं, दुसरीला अटी बदलाव्या लागल्या. तुमच्यासारख्या कंपनीत मिळू शकणारं यश याच मापाचं असतं, आणि ते छोटं नाही.

आता मी आतून काय बघतो ते. सभा संपल्यावर दोन साक्षीदारांसमोर, जे कंपनीचे नोकर नसतात, मी रिमोट मतदानाची फाइल उघडतो. दोन कामकाजी दिवसांत निकाल एक्स्चेंजवर जातो. तुम्हीही तो उघडून बघू शकता. प्रत्येक ठरावाखाली तीन ओळी असतात: प्रवर्तक आणि प्रवर्तक गट, सार्वजनिक संस्था, सार्वजनिक बिगर-संस्था. पहिल्या ओळीत धारण केलेल्या शेअरांपैकी मतदान बहुतेक वेळा शंभर टक्क्यांच्या आसपास. दुसऱ्या ओळीत म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, परदेशी फंड; तिथेही चांगलं मतदान. तिसरी ओळ तुमची. तिथे धारण केलेल्या शेअरांच्या रकान्यात कोट्यवधींचा आकडा असतो आणि मतदान झालेल्या टक्क्यांचा रकाना बघून वाटतं, टाइप करताना चूक झाली असावी. चूक नसते. ज्या कंपनीच्या नावाने वर्षभर ओरड चाललेली असते, तिच्याही सभेत ही ओळ अशीच असते. मोबाइलवर डिमॅटमधून लॉगिन करून पाच मिनिटांत होणारं काम लोक करत नाहीत.

म्हणून तुमच्या गटाचा पहिला कार्यक्रम एकच असू द्या: प्रत्येकाने मत द्यायचं. मतदानाची खिडकी किमान तीन दिवस उघडी असते आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ ला बंद होते. नोटिशीत एक कट-ऑफ तारीख दिलेली असते. त्या दिवशी डिमॅटमध्ये जेवढे शेअर तेवढी मतं. नंतर विकले तरी मताचा हक्क राहतो. एकदा दिलेलं मत बदलता येत नाही, तेव्हा ठराव वाचून द्या. ज्यांनी आधी मत दिलं नाही त्यांना सभा चालू असतानाही देता येतं.

दुसरा कार्यक्रम म्युच्युअल फंडांना लिहायचा. एप्रिल २०२२ पासून फंडांना सगळ्या ठरावांवर मत देणं सक्तीचं आहे, आणि कुठे बाजूने, कुठे विरोधात, का, हे त्यांना दर तिमाहीला वेबसाइटवर टाकावं लागतं. तुमच्या कंपनीत ज्या फंडांचे शेअर आहेत त्यांचं गेल्या दोन वर्षांचं मतदान काढा. तुम्ही त्या योजनेचे युनिटधारक असाल तर आणखी चांगलं. नोटीस निघाल्यावर आठवड्याच्या आत, मतदान सुरू व्हायच्या आधी, फंडाच्या अनुपालन अधिकाऱ्याला एक पानी ईमेल करा: ठराव क्रमांक अमुक, आमचा आक्षेप हा, आधार म्हणून वार्षिक अहवालाचं पान हे. एकट्या कोणाकडे काही शे शेअर असतील. फंडाकडे ४ टक्के असतात. साडेसतराचा आकडा त्यांच्याशिवाय गाठता येत नाही.

नुकसानभरपाईकडे वळतो. इथे सत्यम या आयटी कंपनीची आठवण ठेवायला हवी. १६ डिसेंबर २००८ ला त्या कंपनीने प्रवर्तक कुटुंबाच्या दोन मेटास कंपन्या १.६ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. गुंतवणूकदारांनी इतका कडाडून विरोध केला की काही तासांत तो व्यवहार मागे घ्यावा लागला. तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ ला, सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्रात कबूल केलं की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोकड अस्तित्वातच नाही. तो व्यवहार होऊन गेला असता तर हे भगदाड त्यात बुजवलं गेलं असतं. अमेरिकेत एडीआर (तिथल्या बाजारात सत्यमच्या शेअरांच्या बदल्यात विकले जाणारे रोखे) घेतलेल्या गुंतवणूकदारांनी तिथल्या न्यायालयात सामूहिक दावा लावला आणि कंपनीने १२.५ कोटी डॉलर देऊन तो मिटवला. भारतातल्या भागधारकांना तेव्हा तसा मार्गच नव्हता. त्यातूनच नव्या कायद्यात कलम २४५ आलं, जे १ जून २०१६ पासून लागू झालं. १०० भागधारक किंवा एकूण भागधारकांच्या ५ टक्के, यांतला कमी आकडा, किंवा लिस्टेड कंपनीत २ टक्के भांडवल असलेले लोक एनसीएलटीकडे (कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे) जाऊन कंपनी, संचालक आणि ऑडिटर यांच्याविरुद्ध भरपाई मागू शकतात. बँकांना हे कलम लागू नाही.

मात्र त्यासाठी फसवं, बेकायदा किंवा चुकीचं कृत्य दाखवावं लागतं. धंद्याचा अंदाज चुकला, कारखाना उशिरा सुरू झाला, महागात घेतलेली कंपनी चालली नाही, हे त्यात बसत नाही. दडपशाही आणि गैरव्यवस्थापनाचं कलम २४१ आहे, त्याचीही कसोटी कडक आहे. टाटा सन्सच्या प्रकरणात शापूरजी पालनजी गटाकडे १८ टक्क्यांहून जास्त भांडवल होतं, तरी २६ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने सायरस मिस्त्री यांना अध्यक्षपदावरून हटवण्यात दडपशाही झाल्याचं मान्य केलं नाही. मंडळाचा निर्णय शहाणपणाचा होता का, हे न्यायालय सहसा तपासत नाही. तुमच्याकडे खोट्या बिलांचा, लपवलेल्या संबंधित-पक्ष व्यवहारांचा किंवा उशिरा जाहीर केलेल्या बातमीचा ठोस पुरावा असेल तर वकील गाठा. नसेल तर या वाटेवर पैसा आणि वर्षं दोन्ही जातील.

सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकू का, असं बरेच जण विचारतात. लाभांश आला नाही, शेअर हस्तांतर अडलं, जाहीर करायची माहिती जाहीर केली नाही, यांसाठी जरूर टाका. उत्तरासाठी २१ दिवसांची मुदत असते. ‘भाव पडला’ ही तक्रार तिथे बंद होते.

एक सावधगिरी मात्र मला कळकळीने सांगायची आहे. लक्ष्मी विलास बँकेच्या भागधारकांनी २५ सप्टेंबर २०२० च्या सभेत एमडींसह सात संचालकांची नेमणूक नाकारली. भागधारकांचा असा उठाव आपल्याकडे क्वचितच झाला असेल. १७ नोव्हेंबरला बँकेवर निर्बंध आले, २७ नोव्हेंबरला ती डीबीएस बँक इंडियात विलीन झाली आणि भागधारकांचं भांडवल शून्य झालं. मतदानामुळे बँक बुडाली असं मुळीच नाही; ती आधीच आतून पोखरलेली होती. पण नेतृत्व बदललं म्हणजे पैसा परत येतो, हा समज या घटनेने पार खोडून काढला. जाब विचारणं आणि शेअर ठेवायचा की विकायचा, हे दोन निर्णय वेगवेगळे ठेवा. ६० टक्के पडलेल्या शेअरला पूर्वीच्या भावावर यायला १५० टक्के वाढावं लागतं. आज हातात रोख रक्कम असती तर याच भावात ही कंपनी घेतली असती का, याचं उत्तर ‘नाही’ असेल तर मॅनेजमेंट सुधारेपर्यंत थांबण्याचं कारण मला दिसत नाही. राग आहे म्हणून धरून ठेवलेले शेअर मी फार बघितलेत. लढण्यासाठी थोडे ठेवायचे असतील तर थोडेच ठेवा.

तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपबद्दलही. तिथे ‘सगळ्यांनी मिळून अमुक भावाखाली विकायचं नाही’ किंवा ‘एमडी पळून जाणार आहे’ असले संदेश फिरू देऊ नका. खोटी माहिती पसरवून भावावर परिणाम घडवणं सेबीच्या फसवणूकविरोधी नियमांत येतं, आणि तुम्ही नुकसान झालेले भागधारक आहात म्हणून त्यातून सूट मिळत नाही.

राहिला सभेचा प्रश्न. नोटीस २१ दिवस आधी येते. ऑनलाइन सभेत बोलायचं तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत वक्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. ती मुदत बहुतेकांच्या लक्षातच येत नाही आणि मग ‘बोलू दिलं नाही’ अशी तक्रार उरते. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. त्यात एकच विषय घ्या. गटातल्या पाच जणांनी पाच विषय वाटून घ्या, एकच गाऱ्हाणं पाच वेळा मांडू नका, कारण मग अध्यक्ष शेवटी सगळ्यांना मिळून एक गुळगुळीत उत्तर देतात.

प्रश्न कसा असावा, नमुना म्हणून सांगतो. आकडे काल्पनिक आहेत, तुम्ही तुमचे घाला. ‘दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातल्या कॉन कॉलमध्ये आपण सांगितलं होतं की नवा प्रकल्प १८ महिन्यांत सुरू होईल आणि गुंतवलेल्या भांडवलावर २० टक्के परतावा देईल. यंदाच्या अहवालात पान ११२ वर हा प्रकल्प अजून अपूर्ण कामांत दिसतो आणि खर्च ३४० कोटींवर गेलाय. माझे तीन प्रश्न: तो कोणत्या तिमाहीत सुरू होईल, एकूण खर्च किती होईल, आणि २० टक्क्यांचा अंदाज मंडळाने सुधारला असेल तर आता तो किती आहे? ठराव क्रमांक ५ मधली पगारवाढ या प्रकल्पाच्या कामगिरीशी जोडलेली आहे का, हे नामांकन आणि मोबदला समितीच्या अध्यक्षांनी सांगावं.’

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलंय. त्या समितीचा अध्यक्ष स्वतंत्र संचालकच असावा लागतो. एमडींना पगारावर प्रश्न विचारलात तर उत्तर ठरलेलं असतं. स्वतंत्र संचालकाला नाव घेऊन विचारलंत तर त्याला स्वतःचं मत मांडावं लागतं. त्याचीही पुढची टर्म विशेष ठरावाला येणार असते, आणि त्याला त्याची जाणीव असते.

हाच प्रश्न सभेच्या आठवडाभर आधी कंपनी सेक्रेटरीला ईमेलने पाठवा. फोलिओ किंवा डीपी आयडी (तुमच्या शेअर खात्याची ओळख) लिहा, प्रत ऑडिट समितीच्या आणि मोबदला समितीच्या अध्यक्षांच्या नावे द्या, आणि ‘कृपया हा ईमेल त्यांच्यापुढे ठेवावा’ असं स्पष्ट लिहा. सेक्रेटेरियल विभागात असताना मी बघितलंय: शिव्यांनी भरलेला ईमेल ‘गुंतवणूकदार तक्रार’ फोल्डरमध्ये जातो, पान क्रमांक असलेला ईमेल सीएफओच्या टेबलावर जातो, कारण त्याचं उत्तर तयार ठेवावं लागतं. सभेत उत्तर टाळलं तर सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त बघण्याचा तुम्हाला हक्क आहे. मागितल्यावर ठरलेली फी घेऊन सात कामकाजी दिवसांत त्याची प्रत द्यावी लागते. ती मागवा, तुमचा प्रश्न त्यात कसा नोंदवलाय ते बघा, आणि पुढच्या तिमाहीचा कॉन कॉल झाला की त्याच कागदावर नवा रकाना भरा.